हेअरपिनवरची हिरवी झेंडी

रिटायर झालो त्या दिवशी मी रेल्वेच्या सगळ्या वस्तू जमा केल्या. लाल झेंडी, हिरवी झेंडी, हातदिवा, शिट्टी, नियमांचं पुस्तक. बाबूकडून पोच घेतली, पोचेवर सही राहिली होती ती मागून घेतली आणि मगच हार घालून घ्यायला मान पुढे केली. मी मालगाडीचा गार्ड होतो. हल्ली त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. म्हणोत बापडे, बसायला डबा शेवटचाच. पस्तीस वर्षांत एकदाही चुकीची झेंडी दाखवली नाही, हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की ते सुरू झालं की बायको चहा ठेवायला उठते.

एक झेंडी मात्र घरात राहिली, कारण ती रेल्वेची नव्हतीच. बायकोच्या जुन्या हिरव्या पातळाचा हातभर तुकडा, मोडक्या झाडूच्या दांडीला शिवलेला. ती आमच्या मुलीची. आम्ही मूळचे भुसावळकडचे, बदलीवर झाशीला आलो आणि इथेच राहिलो. तेव्हाच्या रेल्वे क्वार्टरची मागची भिंत लाइनीला लागून होती. मुलगी सहा वर्षांची असताना मी तिला आमच्या कामातली एक रीत सांगितली. धावती गाडी कुणीतरी उभं राहून बघायची असते. स्टेशनवाला असो, गेटवाला असो, हातातलं काम सोडून त्याने उभं राहायचं, पहिल्या चाकापासून शेवटच्या चाकापर्यंत नजर ठेवायची आणि सगळं ठीक असेल तर हिरवी दाखवायची. शेवटच्या डब्यातून गार्डाने उलट हिरवी दाखवायची. मी तुला बघितलं, तू मला बघितलंस, आता जा.

पोरीने ते फारच मनावर घेतलं. माझी गाडी कधी निघणार ते आईकडून काढून घ्यायची आणि भिंतीपाशी उलट्या घमेल्यावर उभी राहायची. सगळ्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मोजायची, शेवटी मी यायचो. तिची हिरवी, माझी हिरवी. आठ वर्षांची असताना एकदा मात्र तिने झेंडी पाठीमागे धरून ठेवली. काहीतरी ओरडत होती, पण गाडीच्या खडखडाटात मला ऐकू येईना. आमचा नियम असा की सिग्नल जिथे दिसायला हवा तिथे दिसला नाही, तर तो धोक्याचाच धरायचा. मी वॉकी-टॉकीवरून ड्रायव्हरला सांगून गाडी थांबवली. मागून अकराव्या वाघिणीचा ब्रेक चाकाला चिकटून बसला होता आणि चाक तापून लालबुंद झालं होतं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी घरी येऊन तिची थोपटली आणि तिला सांगितलं की आपल्या दोघांत खोटी हिरवी कधीच दाखवायची नाही.

ती पोर आता तिशीला आली आहे आणि मोटारींच्या शर्यतीत गाडी चालवते.

शर्यत म्हटलं की लोकांना ती जमिनीला चिकटलेली, उघड्या चाकांची विमानासारखी गाडी आठवते. हिची तशी नाही. हिच्या शर्यतीला टूरिंग कार म्हणतात. म्हणजे तुमच्याआमच्या दारात उभी असते तीच गाडी, आतून सोललेली. मागची सीट नाही, गालिचा नाही, काच वरखाली करायचं बटण नाही. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि त्या पिंजऱ्यात माझी मुलगी. मी पहिल्यांदा ती गाडी बघितली तेव्हा म्हटलं होतं, चोरांनी बरंच नेलेलं दिसतंय.

ती झाशीजवळ बिजौलीला एका स्प्रिंगांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. कारखान्याचे मालक साठीचे, शर्यतीचे वेडे. शेडच्या एका कोपऱ्यात त्यांनी ही गाडी पाळली आहे. पाळली आहे असंच म्हणायला हवं, लोक म्हैस पाळतात तशी. आधी त्यांचा पुतण्या चालवायचा. तो परदेशी गेला आणि इंजिन जुळवता जुळवता माझी मुलगी स्टिअरिंगवर बसली. दोन वर्षं चालवत होती. पाचवी यायची, सहावी यायची. हंगामाच्या शेवटच्या दोन शर्यतींआधी मालक माझ्यासमोरच तिला म्हणाले, "बिटिया, दो रेसें हैं। एकऊ में तीन के भीतर नईं आईं, तो गाड़ी बेंच दैहैं, कहे देत।" दोन्हींपैकी एकीतही पहिल्या तिघांत आली नाही तर गाडी विकणार, हे ते रागावून बोलले नाहीत, थकून बोलले, म्हणून मला ते खरं वाटलं. ती गाडी गेली की हिचं चालवणं संपलं. झाशीत दुसरं कोण तिला शर्यतीची गाडी देणार? इथे मुलीला स्कूटी द्यायची तर लोक दहादा विचार करतात.

आजवर तिने मला कधी शर्यतीला नेलं नव्हतं. मी भेटेल त्याला नियम विचारत बसतो, असं तिचं म्हणणं. या वेळी मीच हट्ट धरला. बायकोने दशम्या आणि तिळाची चटणी बांधून दिली. पिशवीत मी हळूच ती पातळाची झेंडी सरकवली, ती तिने बघितलीच.

"हे कशाला?"

"असू दे."

"जित्याची खोड," ती म्हणाली, आणि वर लोणच्याची बाटली ठेवली.

दिल्लीजवळच्या त्या ट्रॅकवर आम्ही शुक्रवारी सकाळी पोचलो तेव्हा धुकं होतं. शुक्रवारी सराव, शनिवारी सकाळी कोण कुठून सुटणार ते ठरवायच्या फेऱ्या आणि दुपारी पहिली शर्यत, रविवारी दुसरी, असा तीन दिवसांचा बेत. धुकं उठेपर्यंत सगळे चहा पीत उभे. मी मालकांना सांगत होतो की आम्ही यापेक्षा दाट धुक्यात अडीच हजार टन कोळसा कानपूरला नेलेला आहे, आणि त्याच वाक्याच्या मध्ये पहिली गाडी समोरून गेली.

वाक्य तोंडातच राहिलं. मी जन्मभर लोखंड धावताना बघितलंय. पण मालगाडी येते ती आधी कळवून येते. रूळ गुणगुणतात, जमीन हलते, माणूस तयार होतो. ही गाडी आली कधी ते कळलं नाही, फक्त गेलेली कळली. छातीच्या आत कुणीतरी दार धाडकन लोटावं तसं झालं. मागोमाग दुसरी, तिसरी, आणि मग हिची निळी. एवढ्या वेगात ती वळणापाशी आली की मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा वळण रिकामं होतं आणि आवाज पलीकडच्या चढावर पोचला होता. आपल्या पोटची पोर असं काही करू शकते हे मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. ती घरी भाजी चिरते तेव्हा बोट कापून घेते.

दुपारी गाडीचा क्लच गेला. मला वाटलं, आता उद्यापर्यंत बसा. बिजौलीहून आलेले दोन मिस्त्री आणि ही, अशी तिघं गाडीखाली शिरली. कुणी ओरडलं नाही, कुणी कुणाला शिवी दिली नाही. हात पुढे झाला की त्यात हवा तो पाना पडत होता. गिअरबॉक्स खाली आला, नवा क्लच चढला, गिअरबॉक्स वर गेला, आणि माझा चहा अजून कोमट होता. मी आमच्या यार्डात एक ब्रेकचा पाइप बदलायला तीन सह्या लागताना बघितल्या आहेत. गाडीखालून ती बाहेर आली, तोंडाला काळं, आणि म्हणाली, "पप्पा, दशम्या आहेत ना अजून?"

शनिवारी सकाळी ती चौदा गाड्यांत चौथी आली. म्हणजे दुपारच्या शर्यतीत चौथ्या जागेवरून सुटायचं. मालकांचा चेहरा दोन वर्षांनी तरुण झाला. मी उभं राहायला जागा शोधत फिरलो आणि मला हेअरपिन सापडलं. पार उलटं फिरवणारं ते वळण. तिथे गाड्या सगळ्यात हळू होतात, म्हणजे माणसाला माणूस दिसेल इतक्या. वळणाच्या तोंडाशी झेंडीवाल्यांची चौकी होती. तिथल्या मुख्य बाई मथुरेकडच्या, बँकेत नोकरी करून हौसेने सुट्टीत हे काम करणाऱ्या. वळण संपल्यावर साधारण शंभर पावलांवर दुसरी चौकी. मी दोन्हींच्या मधे, जाळीच्या मागे उभा राहिलो.

सुटताना चौदा गाड्या एकदम ओरडल्या तेव्हा मी जाळी धरली. पहिल्या फेरीला ती वळणावर आली आणि माझा हात आपोआप वर गेला. हातात पातळाची झेंडी होती. निळी गाडी वळली आणि दिवसाउजेडी तिचे दोन्ही हेडलाइट एकदा लागून विझले.

तिने मला बघितलं होतं. त्या आवाजात, त्या घाईत, आजूबाजूला तेरा गाड्या असताना, तिने भिंतीपलीकडचा शेवटचा डबा ओळखावा तसं मला ओळखलं होतं. माझे डोळे भरून आले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. दुसऱ्या फेरीला मी हिरवी दाखवली, लाइट लागला. तिसऱ्या फेरीला, चौथ्या, पाचव्या, तसंच. पाचव्या फेरीत ती तिसरी झाली होती. तिच्या पुढे एक लाल गाडी होती, तिच्याही पुढे एक काळी. शर्यत बारा फेऱ्यांची. तिसरी आली तरी गाडी राहणार होती.

सातव्या फेरीत एक पांढरी गाडी वळणाच्या तोंडाशी घसरून वाळूत रुतली. चौकीवरच्या बाईंनी पिवळी झेंडी हलवायला सुरुवात केली. पिवळी म्हणजे सावकाश, पुढे धोका आहे, कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही. पुढच्या चौकीवर हिरवी दिसेपर्यंत असंच. हा नियम मी शुक्रवारीच विचारून घेतला होता, दोघांना, खात्री म्हणून. आणि तरीही त्या फेरीला माझी नजर चौकीकडे गेली नाही. मी फक्त निळी गाडी बघत होतो. लाल गाडीच्या मागोमाग ती वळणातून बाहेर आली, आणि दर फेरीला करत होतो तेच मी केलं.

हिरवी वर गेली. लाइट लागला. आणि निळी गाडी लाल गाडीच्या आतल्या बाजूने सरळ पुढे निघून गेली.

दुसऱ्या चौकीवरची खरी हिरवी तिथून पन्नास पावलं पुढे होती.

मी लगेच ओळखलं. रेल्वेत अशा चुकीला माणसं नोकरीतून जातात, आणि जावीत असं मीच चारचौघांत म्हणत आलो आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी अक्षरशः केलं होतं. पुढच्या पाच फेऱ्या मी झेंडी खाली टाकून तिच्यावर पाय ठेवून उभा होतो. तिने लाइट दिला का, ते मी बघितलं नाही.

ती दुसरी आली. मालकांनी मला मिठी मारली. अर्ध्या तासाने निर्णय आला की पिवळीत पुढे गेल्याबद्दल निळ्या गाडीला तीस सेकंदांचा दंड. दुसऱ्या नंबरावरून ती अकराव्यावर गेली. आणि शनिवारी जो नंबर, रविवारी सुटायचं तिथूनच. मालकांनी कापड ओढून गाडी झाकली.

मी कोरा कागद मागून घेतला आणि जबाब लिहिला. पूर्ण नाव, निवृत्तीपूर्वीचा हुद्दा, उभा होतो ती जागा, दाखवलेली झेंडी. दोन प्रती. ते कागद आणि झेंडी घेऊन मी निर्णय देणाऱ्या साहेबांच्या खोलीत गेलो. पांढरी टोपी घातलेले, माझ्याच वयाचे गृहस्थ होते. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला. एवढ्यानेही मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

"भाईसाहब, ड्राइवर सिर्फ़ चौकी की झंडी मानता है," ते शांतपणे म्हणाले. "आपकी झंडी की यहाँ कोई मान्यता नहीं है। पेनल्टी वही रहेगी।"

"जी, यही तो मैं पैंतीस साल सिखाता आया," मी म्हटलं.

"और एक बात। आपकी बेटी ने तो किसी झंडी का नाम तक नहीं लिया। लिखकर दे गई है कि ग़लती मेरी है।" त्यांनी हात पुढे केला. "ये यहीं जमा रहेगी। कल शाम ले जाइएगा।"

मी झेंडी त्यांच्या टेबलावर ठेवली. ती त्या टेबलावर फारच लहान दिसत होती, मुलांच्या खेळातली असावी तशी.

मुलगी गाडीपाशी टायरवर बसून पाणी पीत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो, साहेबांसमोर उभं राहतात तसा.

"माझी हिरवी दिसली होती तुला?"

"दिसली ना. आईच्या पातळाचा कलर आहे, दुरून कळतो." ती माझ्याकडे बघत नव्हती. "पप्पा, तुमची हिरवी कधी झूठी नाही निघाली. मी सोचलंच नाही. पाय दाबून दिला."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? की मेरे पापा ने हरी दिखा दी?" आता तिने बघितलं. "रूल सिंपल आहे. चौकीची झंडी बघायची. मी नाही बघितली. गलती माझी."

मी पुष्कळ चार्जशीट वाचल्या आहेत. आपल्यावरचा ठपका दुसऱ्यावर ढकलणारे कागद किती सुंदर अक्षरात लिहिले जातात ते मला ठाऊक आहे. दुसऱ्याचा ठपका आपल्यावर घेऊन वर तहान लागली म्हणून पाणी पिणारा माणूस मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा बघितला, आणि तो माणूस माझ्या घरातला होता. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. तसं करता येत नाही म्हणून मी म्हटलं, "उद्या मी येत नाही ट्रॅकवर. हॉटेलात बसतो."

ती एकदम चिडली. "नाही. तिथेच उभे राहा. हात खाली ठेवा, पण उभे राहा. मला दिसायला पाहिजे तुम्ही."

रविवारी धुकं लवकर उठलं. मी हेअरपिनपाशी गेलो तेव्हा चौकीवरच्या मथुरेच्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांनाही सगळं कळलेलं दिसत होतं.

"अंकलजी, आज हाथ जेब में।"

"जी मैडम," मी म्हटलं, आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

आजही बारा फेऱ्या. पहिल्या फेरीला ती गर्दीत अकरावी आली, आणि गर्दीतूनही लाइट लागला. खिशातली माझी बोटं हलली. मी मूठ आवळली. दुसऱ्या फेरीला ती नववी होती. लाइट. चौथ्या फेरीला सातवी. लाइट. ती कुणाला धक्का देत नव्हती, कुणाच्या अंगावर जात नव्हती. पुढची गाडी वळणात हातभर बाहेर गेली की त्या हातभर जागेत ती आधीच असायची. एवढी मोटार तेवढ्या जागेत मावते हे मी स्वतः बघितलं नसतं तर कुणी सांगून खरं मानलं नसतं. आठव्या फेरीला पाचवी, नवव्याला चौथी. माझ्या शेजारी उभा असलेला एक अनोळखी माणूस माझा खांदा दाबून म्हणाला, "कौन चला रहा है ये नीली वाली?" मी नुसती मान हलवली, जणू मलाही माहीत नव्हतं.

तिच्या पुढे तिसऱ्या जागी कालचीच लाल गाडी होती. दहाव्या फेरीला दोघींमध्ये दोन गाड्यांचं अंतर, अकराव्याला एकाचं. आणि अकराव्या फेरीत त्याच वळणाच्या तोंडाशी, कालच्याच वाळूत, एका फेरीने मागे पडलेली एक गाडी रुतली. बाईंनी पिवळी हलवली. लाल गाडी हळू झाली. ही हळू झाली. लाइट लागला, आणि दोघी तशाच रांगेने निघून गेल्या.

आता शेवटची फेरी. रुतलेल्या गाडीला दोर बांधून माणसांनी ती बाहेर ओढली. मी चौकीकडे बघत होतो. या वेळी मी दुसरीकडे कुठेच बघत नव्हतो. बाईंनी कानातल्या यंत्रावर काहीतरी ऐकलं, पिवळी गुंडाळली आणि हिरवी उचलली. वळण मोकळं झालं होतं. त्याच क्षणी लाल गाडी वळणावर आली, मागून निळी.

ओरडावं असं वाटलं, की पोरी, आता खरी आहे, जा. पण माझी ड्यूटी नव्हती. मी दात आवळून उभा राहिलो आणि लाइटची वाट बघितली.

लाइट लागला नाही.

सिग्नल जिथे दिसायला हवा तिथे दिसला नाही तर धोका धरायचा, हे माझ्या हाडात बसलेलं आहे. अकरा फेऱ्या लागलेला लाइट बाराव्याला का नाही? काही तुटलं, काही जळलं, तिला काही झालं? एवढं सगळं मनात येऊन जाईपर्यंत वळणात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. लाल गाडीवाला अजून पिवळीच्या हिशोबाने हळू होत होता. त्याने चौकीकडे बघितलंच नव्हतं. निळ्या गाडीने ब्रेक सोडून आतल्या बाजूने वळण कापलं, दोघींची चाकं वीतभर अंतराने एकमेकींजवळून गेली, आणि ती माझ्या समोरून पुढे निघाली. हेल्मेटमधलं तोंड दिसलं मला. ते माझ्याकडे वळलेलं नव्हतं. पुढच्या चौकीकडे होतं.

ती तिसरी आली.

मला आनंद झाला हे सांगायला नको. अभिमान एवढा वाटला की त्या अनोळखी माणसाला मी मिठी मारली आणि ती माझी मुलगी आहे हे चार वेळा सांगितलं. पण खरं सांगायचं तर कुठेतरी लागलंही. घमेल्यावर उभ्या राहणाऱ्या पोरीपासून आजच्या अकराव्या फेरीपर्यंत तिने प्रत्येक गाडीला माझ्याकडे बघितलं होतं. आज जिथे तिचं सगळं पणाला लागलं होतं तिथे तिने मला बघितलं नाही, आणि म्हणूनच ती पुढे गेली.

मालक लहान मुलासारखे रडत होते. "गाड़ी अब कितऊँ नईं जा रई," असं भेटेल त्याला सांगत होते. मुलगी गर्दीतून माझ्यापाशी आली. केस घामाने चिकटलेले, गळ्यात पदक.

"पप्पा, लास्ट फेरीत लाइट द्यायची राहून गेली. सॉरी हां."

"कुठे बघत होतीस?"

"चौकीकडे."

"मग बरोबर," मी म्हटलं. मी तिच्या हातातलं हेल्मेट घेतलं आणि उगीच रुमालाने पुसत बसलो.

संध्याकाळी पांढऱ्या टोपीचे साहेब त्यांच्या खोलीच्या दारात उभे होते. आम्ही एकमेकांना बघितलं, नमस्कार केला. त्यांनी आत टेबलाकडे हात केला. मी मान हलवून नको म्हटलं आणि गाडीत जाऊन बसलो.

झाशीला घरी पोचलो तेव्हा बायकोने पिशवी उलटी करून डबे बाहेर काढले. लोणच्याची बाटली निघाली, चटणीची डबी निघाली. तिने पिशवी पुन्हा झटकली.

"झेंडी कुठाय?"

"जमा केली."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात बाईला जेवढं कळायचं तेवढं कळतं.

"पोच घेतली का?"

"घेतली," पोरीचं ते ‘चौकीकडे’ आठवून मी म्हटलं, आणि बायको चहा ठेवायला उठली.